पाटीवरचे नाव : पॅरिसच्या नादार बंधूंचा दावा



गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या ओळखीचा एक तरुण आमच्याकडे आला. फोटोग्राफीचे शिक्षण घेऊन, दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली लग्नामुंजींचे फोटो काढून, आता तो स्वतःचा स्टुडिओ थाटणार होता. जागा मिळाली होती, कॅमेरा होता, दिवे होते, बँकेचे कर्जही मंजूर झाले होते. अडले होते ते पाटीपाशी. थोरल्या भावाचे त्याच पेठेत, आडनावाने चालणारे, चांगल्या चलतीचे फोटोचे दुकान आहे. तेच आडनाव आपण लावावे की नवे काही शोधून काढावे, असा त्याचा प्रश्न. भाऊ तोंडाने "लाव की" म्हणत होता, पण वहिनींच्या कपाळावरची आठी त्याला दिसली होती. "आपण इतिहासाची पुस्तके वाचता, तेव्हा एखादे चांगले नाव सुचवा," असे तो म्हणाला.

नाव सुचविणे आम्हांला जमले नाही. परंतु त्याचा प्रश्न ऐकताच आम्हांला एक जुना दावा आठवला. तो पॅरिस शहरात, १८५६ आणि १८५७ या दोन वर्षांत, सख्ख्या भावाभावांत लढला गेला. वादाचा विषय घर नव्हे, शेत नव्हे, वडिलांची ठेवही नव्हे. वाद होता पाच अक्षरी एका सहीचा, आणि दोघेही भाऊ फोटोग्राफर होते. त्या दाव्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावी असा आमचा विचार आहे. ती जुनी असली आणि परक्या देशातली असली, तरी ऐकता ऐकता आपल्यापैकी पुष्कळांना आपल्या ओळखीची वाटेल, अशी आमची खात्री आहे.

या धंद्याचा जन्मच मुळी नावाच्या कुरबुरीत झाला, हे आधी सांगितले पाहिजे. छायाचित्रणाची पहिली यशस्वी रीत फ्रान्समध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि तिला 'दागेरोटाइप' असे नाव पडले. हे नाव दागेर या गृहस्थाचे. पण या शोधात त्याच्या आधी वर्षानुवर्षे खपलेला दुसरा एक माणूस होता. त्याचे नाव निसेफोर न्येप्स. दोघांनी १८२९ साली भागीदारीचा करार केला. १८३३ साली न्येप्स वारला आणि त्याचा मुलगा इझिदोर हा वारसा हक्काने भागीदार झाला. नवी रीत आपण स्वतः बसविली आहे, तेव्हा तिला आपल्या एकट्याचेच नाव असावे, असा आग्रह दागेरने धरला. पैशाच्या अडचणीत असलेल्या इझिदोरने १८३७ साली नाइलाजाने नव्या करारावर सही केली. दागेरच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. त्याची रीत खरोखरच निराळी होती. तथापि जगाच्या तोंडी दागेरचे नाव राहिले आणि न्येप्सचे नाव अभ्यासकांच्या टिपणांत गेले. ते परत उजेडात यायला पुष्कळ काळ जावा लागला.

पुढे १८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रजाने काचेवर कलोडियनचा थर देऊन फोटो घेण्याची रीत प्रसिद्ध केली. दागेरच्या रीतीत एकच तबकडी निघे. तिची प्रत काढता येत नसे. आर्चरच्या काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. शिवाय त्याने या शोधाचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे ज्याला शिकायचे त्याने शिकावे असा मामला झाला. पाहता पाहता पॅरिसच्या रस्त्यांवर स्टुडिओच स्टुडिओ उघडले. १८५४ साली दिस्देरी नावाच्या धंदेवाल्याने भेटकार्डाएवढ्या लहान फोटोंचे पेटंट घेतले आणि एका काचेवर आठ-आठ फोटो काढून किमती खाली आणल्या. आता विचार करा. सगळ्यांचा मालमसाला तोच, काच तीच, खिडकीतून येणारा उजेडही तोच. गिऱ्हाइकाने या दारात शिरावे की त्या, हे ठरवायचे कशावरून? अशा वेळी फोटोखालच्या पुठ्ठ्यावरची सही बोलू लागते. सोनाराच्या दुकानात गिऱ्हाईक सोन्याचा कस स्वतः लावीत नाही. ते सोनाराचे नाव पाहते. तसाच हा प्रकार.

अशा या पॅरिसमध्ये आपल्या कथेचा नायक राहत होता. त्याचे खरे नाव गास्पार-फेलीक्स तूर्नाशाँ. जन्म १८२० चा. वडील पुस्तके छापीत व प्रसिद्ध करीत. १८३७ साली ते गेले, तेव्हा फेलीक्स अवघा सतरा वर्षांचा होता. आई आणि पाच वर्षांनी धाकटा भाऊ आद्रियाँ यांचा भार त्याच्यावर आला. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट राहिले. वर्तमानपत्रांतून फुटकळ लेखन, नाटकांची परीक्षणे, मग व्यंगचित्रे असे करीत त्याने दिवस काढले. कर्जापायी एकदा त्याला तुरुंगाची हवाही खावी लागली.

त्याचे टोपणनाव कसे पडले ते ऐकण्यासारखे आहे. आपल्याकडची मुले 'च'च्या भाषेत बोलून वडील माणसांना चकवितात, हे आपणांस ठाऊकच आहे. पॅरिसच्या त्या उनाड लेखक-चित्रकारांच्या टोळक्यात शब्दांच्या शेवटी 'दार' लावण्याची टूम निघाली होती. तूर्नाशाँचे झाले तूर्नादार, आणि पुढे डोके उडून उरले नुसते 'नादार'. आपल्या मराठी कानाला या शब्दाची गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे नादार म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. शाळेची फी ज्याला परवडत नसे, त्याला नादारी मिळे. कर्ज ज्याला फेडता येत नसे, तो कोर्टात नादारीचा अर्ज करी. पॅरिसच्या लोकांना हा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तो त्या माणसाला जन्मभर किती चपखल बसला, ते पुढे दिसेलच.

या थट्टेच्या नावाने फेलीक्स वर्तमानपत्रांत सही करू लागला. 'शारिव्हारी' या गाजलेल्या विनोदी पत्रात त्याची व्यंगचित्रे छापून येऊ लागली. १८५४ साली त्याने 'पांतेआँ नादार' या नावाचे एक भले मोठे शिळाछाप चित्र प्रसिद्ध केले. फ्रान्समधील सुमारे अडीचशे लेखक व पत्रकार एका लांबलचक मिरवणुकीत चालले आहेत, असे ते चित्र. त्यातून फारसा पैसा मिळाला नाही, पण नाव सगळ्या शहराच्या तोंडी झाले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे नाव फोटोग्राफीतून आलेले नव्हते. ते लेखणी आणि कुंचला यांच्या जोरावर, पंधरा-सोळा वर्षांच्या मेहनतीने उभे राहिले होते.

आता धाकट्याकडे वळू. आद्रियाँ चित्रकार होता, हात चांगला होता, पण धंद्यात स्थैर्य नव्हते. आपल्याकडे वडील भाऊ धाकट्याला हात धरून एखाद्या कामाला लावून देतो, तसेच फेलीक्सने केले. गुस्ताव्ह ल ग्रे हा त्या काळचा नामांकित फोटोग्राफर. त्याच्याकडे आद्रियाँला शिकायला पाठविले आणि शिकवणीचे पैसे स्वतः भरले. आद्रियाँने काप्युसीन नावाच्या प्रशस्त रस्त्यावर ११ क्रमांकाच्या घरात स्टुडिओ उघडला. पण गाडी रुळावर येईना. तेव्हा १८५४ च्या सप्टेंबरात त्याने थोरल्याला मदतीला बोलाविले. फेलीक्सचे लग्न नुकतेच झाले होते. तरीही तो धावून गेला. बायकोच्या हुंड्यातला पैसा त्याने स्टुडिओत घातला, आपल्या ओळखीचे नामवंत लेखक-कलावंत गिऱ्हाईक म्हणून आणले, आणि स्वतःही रात्रंदिवस राबला. चार महिन्यांत स्टुडिओ सावरला. आणि सावरताच, १८५५ च्या जानेवारीत, धाकट्याने थोरल्याला सांगितले की आता तुझी गरज नाही.

येथवर घडले ते घराघरांत घडते. फेलीक्स निमूटपणे बाहेर पडला आणि त्याने सें-लाझार रस्त्यावर ११३ क्रमांकाच्या घरात आपला वेगळा स्टुडिओ काढला. पण आद्रियाँ आपल्या फोटोंवर सही करीत होता ती 'नादार जून' अशी. 'जून' म्हणजे धाकटा. एका शहरात दोन नादार झाले. फेलीक्सच्या मित्रांची पत्रे त्या दुकानात जाऊ लागली, गिऱ्हाइके चुकू लागली.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. १८५५ साली पॅरिसला मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. शार्ल दब्युरो हा प्रसिद्ध मूकनट. त्याचे पांढऱ्याशुभ्र वेषातील, निरनिराळे भाव दाखविणारे फोटो त्या प्रदर्शनात मांडले होते. एका फोटोत तर हा नट कॅमेऱ्याशेजारी उभा राहून त्याच्याकडे बोट दाखवितो आहे. ही फोटोमालिका दोघे भाऊ एकत्र होते त्या सुमारास घेतलेली. कोणता फोटो कोणाच्या हातचा, याचा निर्णय अभ्यासकांना आजही खात्रीने करता येत नाही. या मालिकेला सुवर्णपदक मिळाले, आणि ते मिळाले 'नादार जून' या नावाला. थोरल्याने दिलेले नाव, थोरल्याने ओतलेला पैसा, थोरल्याचाही हात लागलेले काम, आणि पदक धाकट्याच्या गळ्यात. मग मात्र फेलीक्सच्याने राहवले नाही. १८५६ साली तो कोर्टात गेला.

श्रोतेहो, या दाव्यात आद्रियाँची बाजू लंगडी होती असे समजू नये. तो म्हणे, की हे नाव माझ्या भावाच्या संमतीनेच मी लावले. त्याच्या डोळ्यांदेखत वापरले. त्याच नावाने माझा स्टुडिओ लोकांना ठाऊक झाला. शिवाय मी 'धाकटा' असे स्पष्ट लिहितो, तेव्हा फसवणूक कोठे आहे? व्यापारी न्यायालयात फेलीक्सच्या पदरी यश आले नाही. त्याने वरच्या न्यायालयात अपील केले आणि 'नादार' या टोपणनावाच्या अनन्य मालकीची मागणी करणारे एक चोपडेही छापले.

त्याचा एक मुद्दा विशेष विचार करण्यासारखा आहे. तो म्हणतो, की फोटोग्राफीची विद्या तासाभरात समजते आणि हात बसायला दिवस पुरतो. पण उजेड कोठून घ्यावा याची जाण, आणि समोर बसलेल्या माणसाचे अंतरंग चटकन ओळखून त्याला त्याच्या खऱ्या रूपात पकडण्याची हातोटी, ही शिकवून येत नाही. ही जाण ज्याची त्याची असते. सही ही त्या जाणिवेची खूण आहे. ती दुसऱ्याच्या कामावर लागली तर घेणारा फसतो आणि करणाराही नागवला जातो. कोर्टात मांडलेली ही भूमिका पुढे फोटोग्राफी ही कला आहे काय, या वादातही नेहमी पुढे येत राहिली. धंद्याच्या भांडणातून कलेचा विचार निघाला, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

१८५७ च्या डिसेंबरात निकाल लागला. नादार हे नाव एकट्या फेलीक्सचे ठरले. आद्रियाँपाशी उरले ते कुळाचे नाव, तूर्नाशाँ. फ्रान्समध्ये व्यापारचिन्हांचा मोठा कायदा त्याच वर्षी, जून महिन्यात, झाला होता. नावालाही मालमत्तेसारखी किंमत असते हे त्या काळाला पटू लागले होते, हे यावरून दिसते.

हा निकाल आपल्या परिभाषेत मांडून पाहिला म्हणजे त्याचे मर्म ध्यानात येते. आपल्याकडे मिळकतीचे दोन प्रकार मानतात, वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित. तूर्नाशाँ हे नाव वडिलोपार्जित. त्यावर दोघा भावांचा जन्मसिद्ध हक्क. फेलीक्सने त्यासाठी दावा लावला असता तर असे यश त्याला मिळाले असते असे वाटत नाही. नादार हे नाव मात्र स्वकष्टार्जित. ते त्याने बापाकडून घेतलेले नव्हते, म्हणून त्यात भावाचा वाटा निघत नव्हता.

कोणी विचारील, की थोरल्याने पैसा भरून धाकट्याला विद्या शिकविली, मग त्या विद्येचे काय? तीही थोरल्याचीच का? हाच प्रश्न आपल्या एकत्र कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे लावीत आला. कुटुंबाच्या पैशाने शिकून वकील झालेल्या मुलाची कमाई त्याची की साऱ्या कुटुंबाची? अखेर १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला. मुकुंदराव जयकरांनी तो पुढे नेला होता. शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला असला तरी त्या विद्येची कमाई शिकणाऱ्याची स्वतःचीच, असे त्या कायद्याने ठरविले. या न्यायाने पाहता आद्रियाँची कला आद्रियाँचीच होती आणि तिची मिळकतही त्याचीच. ती त्याच्यापासून कोणी हिरावून घेतलीही नाही. द्युशेन या डॉक्टराने चेहऱ्याच्या स्नायूंवर विजेचा प्रवाह सोडून मानवी भावनांचा अभ्यास केला, त्याचा ग्रंथ १८६२ साली निघाला. त्यातील काही फोटोंत आद्रियाँचा हात आहे, आणि शास्त्राच्या इतिहासात ते आजही पाहिले जातात. विद्या दिली म्हणून विद्या परत मागता येत नाही, आणि विद्या मिळाली म्हणून नावही मिळाले असे होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली, तेथेच दोघा भावांचे बिनसले.

निकालानंतर फेलीक्सचे भाग्य उजळले. १८६० च्या सुमारास तो मोठ्या इमारतीत गेला, आणि गंमत अशी, की ती त्याच काप्युसीन रस्त्यावर, ३५ क्रमांकाची. इमारतीच्या दर्शनी भागावर त्याने आपली सही भल्या थोरल्या लाल अक्षरांत चढविली. रात्री ती गॅसच्या दिव्यांनी उजळत असे. आपण आज रस्त्यारस्त्यांवर जे झगझगीत फलक पाहतो, त्यांच्या पूर्वजांपैकी हा एक म्हणायला हरकत नाही. स्वतःचे केस तांबूस, म्हणून लाल रंग हीच त्याने आपली खूण केली. बलूनमध्ये बसून आकाशातून फोटो घेण्याचा प्रयोग त्याने १८५८ सालीच केला होता. पुढे कृत्रिम उजेडात पॅरिसच्या भुयारांतले फोटोही घेतले. १८६३ साली त्याने 'राक्षस' या नावाचे एक प्रचंड बलून बांधले. दुसऱ्याच उड्डाणात ते जर्मनीत हानोव्हरकडे भरकटत जाऊन आदळले. नादार, त्याची पत्नी आणि बरोबरची मंडळी जखमी झाली. या नादात तो कर्जात बुडाला. आपला मराठी अर्थ येथे खरा झाला! पण त्याचे नाव एवढे झाले होते, की झ्यूल व्हेर्नने चंद्रावर निघालेल्या आपल्या कादंबरीतील साहसी प्रवाशाला 'आर्दां' असे नाव दिले. 'नादार'ची अक्षरे उलटसुलट केली, की तेच होते.

काप्युसीन रस्त्यावरची ती जागा त्याने सोडल्यावर, १८७४ च्या एप्रिलमध्ये, मोने, रन्वार, दगा, पिसारो, बेर्त मोरिझो आदी चित्रकारांनी तेथे आपले प्रदर्शन भरविले. मोनेच्या एका चित्राच्या शीर्षकावरून एका टीकाकाराने त्यांना 'इंप्रेशनिस्ट' म्हणून हिणविले. हे ज्या पत्रात छापले ते पत्र 'शारिव्हारी'च होते. त्याच पत्राच्या पानांत 'नादार' ही सही लहानाची मोठी झाली होती. ते हिणवणेच पुढे एका महान चित्रपंथाचे मानाचे नाव झाले. टोळक्यातल्या थट्टेने पडलेले एक नाव आणि टीकाकाराच्या कुचेष्टेने पडलेले दुसरे नाव, अशी दोन नावे त्या एका जागेशी जोडली गेली आहेत. चांगले नाव बैठक मारून, कागद पुढे घेऊन शोधावे लागते, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती लपविली तर आम्ही इतिहासाशी बेइमान होऊ. सही म्हणजे ज्याच्या त्याच्या नजरेची खूण, असे कोर्टात म्हणणाऱ्या या माणसाचा स्टुडिओ पुढे एवढा वाढला, की तेथे पुष्कळ कामगार आणि कारागीर राबू लागले. पुढे मुलगा पॉल याने कारभार हाती घेतला. सगळ्या फोटोंवर सही मात्र एकच, नादार. फेलीक्स १९१० साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, वारला. पण फोटोंवर ते नाव त्यानंतरही येत राहिले. ज्या नावासाठी भावावर दावा लावला, ते शेवटी एका माणसाचे राहिलेच नाही.

हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धाचे फोटो मॅथ्यू ब्रेडीच्या नावावर प्रसिद्ध झाले. रणांगणावर जाऊन ते घेणारे गार्डनर, ओसलिव्हन प्रभृती त्याचे नोकर होते आणि पुठ्ठ्यावर नाव येई ते ब्रेडीचे. गार्डनर पुढे त्याच्यापासून वेगळा झाला. १८६६ साली त्याने युद्धाच्या फोटोंचा जो संग्रह काढला, त्यात प्रत्येक फोटोखाली तो घेणाऱ्याचे नाव छापले. आमच्या मते या धंद्याच्या इतिहासातील ही एक मोठी सभ्य कृती आहे. दुसऱ्याचे श्रेय द्यायला धंद्यात कायद्याची सक्ती लागत नाही. मन असले की पुरते.

आपल्या देशाकडे आलो तर या प्रश्नाचे आणखी रंग दिसतात. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज १८६३ साली हिंदुस्थानात आला. शेपर्डबरोबर त्याने सुरू केलेली 'बोर्न अँड शेपर्ड' ही पेढी प्रसिद्धच आहे. बोर्न १८७० साली मायदेशी परत गेला. पण पाटीवरचे त्याचे नाव तसेच राहिले. मालक बदलले, राज्य बदलले, १९९१ साली दुकानाला मोठी आग लागली, तरी कोलकात्यातली ती पेढी २०१६ पर्यंत त्याच नावाने चालली. माणूस सात वर्षे राहिला आणि नाव दीडशे वर्षे.

लाला दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीला. फोटोग्राफीत नाव झाले, हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली आणि 'राजा दीनदयाळ अँड सन्स' अशी पाटी लागली. १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. म्हणजे दरबारचा मान पाटीवर चढला, आणि 'सन्स' लिहून मुलांचा हक्क पहिल्यापासूनच मान्य झाला. तूर्नाशाँ बंधूंनी हे आरंभीच केले असते तर पुष्कळ कटुता टळली असती.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो छापले जात ते पतीच्या नावाने. बाईने काढलेल्या फोटोला कोण विचारतो, असा तो काळ. पुढे त्या 'डालडा १३' या टोपणनावाने ओळखल्या जाऊ लागल्या. जन्म १९१३ चा, पतीची पहिली भेट वयाच्या तेराव्या वर्षी, आणि पहिल्या मोटारीचा क्रमांक 'डी एल डी १३'. पुन्हा तीच गोष्ट. नादारप्रमाणे हेही नाव गमतीतूनच आले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले ते मात्र स्वतःच्या, होमाई या नावाने.

आणि कोल्हापूरच्या पेंटरांची आठवण आम्ही कशी विसरू? आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले, नात्याने भाऊ. नाटकांचे पडदे दोघांनी मिळून रंगविले आणि 'पेंटर' हे धंद्याचे नाव दोघांनाही आडनावासारखे चिकटले. चलच्चित्राचा ध्यासही दोघांचा. १९१६ साली आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी पुढे कॅमेरा स्वतः बनविला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. येथे एकच नाव दोघे वापरीत होते, पण त्यावरून तंटा झाला नाही. कारण ते नाव एकाने दुसऱ्याला दिलेले नव्हते, दोघांच्या हातांनी एकाच वेळी मिळविलेले होते. आपल्याकडच्या चिटणीस, फडणीस, पोतनीस या आडनावांचा उगम असाच आहे. आधी काम, मग नाव.

आता आमच्या त्या तरुण मित्राकडे परत येऊ. आम्ही त्याला ही सारी हकीकत सांगितली. आडनाव लावण्याचा तुझा हक्क आहे, हे सांगितले. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्यातही, आपले खरे नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याच्या आड येता येत नाही, असे पस्तिसावे कलम आहे. परंतु 'प्रामाणिकपणे' या शब्दावर बोट ठेवायलाही आम्ही विसरलो नाही. भावाच्या दुकानाचे गिऱ्हाईक चुकून आपल्या दारात यावे, असा हेतू मनात कोठे दडला असेल, तर कलम तारणार नाही आणि वहिनींची आठीही जाणार नाही. शिवाय वादाला कारण हवे कशाला? भावाने शिकविले असेल तर ते तोंड भरून सांगावे. पाटीवर मात्र जे आपण स्वतः मिळवू शकू, ते नाव लिहावे.

"पण नवे नाव कोणाला ठाऊक असणार?" तो म्हणाला.

त्याला आम्ही एवढेच म्हणालो, की १८३८ साली नादार हे नावही पाच-दहा उनाड मित्रांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हते.

तो काही न बोलता गेला. पाडव्याला आम्हांला पेढे आले. स्टुडिओचे उद्घाटन झाले होते आणि फीत थोरल्या भावाने कापली होती. पाटीवर काय लिहिले ते येथे सांगणे बरे नव्हे. व्याख्यानमालेचे व्यासपीठ जाहिरातीसाठी नसते. पण पाटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे. शिक्षण कोणाकडे झाले, ते तीत लिहिले आहे, आणि तेथे भावाचे नाव आहे.

आद्रियाँने ही एक ओळ लिहिली असती, किंवा फेलीक्सने ती लिहिण्याइतकी जागा भावाला ठेवली असती, तर पॅरिसच्या कोर्टाला त्या दोन वर्षांत दुसरे काम पाहता आले असते.